कॉफी प्यायला दोन हजार किलोमीटर?

'ताई, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आई-बाबांना घेऊन कोलकात्याला चाललेय. सहा दिवस आहोत. बाबा कोल्हापुरात इतिहास शिकवायचे, नुकतेच निवृत्त झाले. पाहायच्या ठिकाणांची यादी त्यांनी वहीत केलीये आणि ती रोज वाढतेय. मला मात्र तिथल्या जुन्या कॅफेंमध्ये निवांत बसायचंय. नव्या गावात गेलं की मला इमारतींपेक्षा माणसं बघायला आवडतात. हे बोलले तर बाबा म्हणाले, "कॉफी प्यायला दोन हजार किलोमीटर जायचं का?" मला उत्तर देता आलं नाही. आई पूर्ण शाकाहारी आहे, आणि कॅफेत तिला अवघडल्यासारखं होतं. "उठूया का आता, लोक थांबलेत," असं तिचं चालू असतं. कॅफेत बसून शहर खरंच कळतं का, की हे आमच्या पिढीचं फोटोंचं वेड आहे? आणि कळत असेल, तर या दोघांना घेऊन ते जमवायचं कसं?'
एक वाचक, कोल्हापूर

बाबांचा प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. नुसत्या कॉफीसाठी इतक्या लांब कुणी जाऊ नये. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसमधली कॉफी साधी असते, तिच्याहून चांगली कॉफी तुला कोल्हापुरातच मिळेल. तिथे जायचं ते कोलकात्याची माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघायला. देवळात माणूस हात जोडतो, संग्रहालयात गप्प असतो, बाजारात भाव करतो. हातात काही काम नसताना एखादं शहर काय बोलतं, हे ऐकायला मिळेल अशा जागा फार थोड्या उरल्यात. कोलकात्यात त्या आहेत, आणि तिथल्या लोकांनी त्या हट्टाने टिकवल्यात.

आता तुझा प्रश्न. हो, कॅफेत बसून शहर कळतं, पण एकदा बसून कळत नाही. माझं सांगणं एवढंच आहे की तिथे पाच कॅफे करू नकोस. एक निवड आणि तिथे तीनदा जा. तू 'जुन्या कॅफेंमध्ये' असं लिहिलंयस, म्हणजे तुझ्याही फोनमध्ये एक यादी असणार. मग तुझ्यात आणि बाबांच्या वहीत फरक काय राहिला? त्यांची देवळं आणि स्मारकं, तुझे कॅफे, घाई दोघांची सारखीच. पहिल्यांदा गेलं की आपल्याला फक्त जागा दिसते. उंच छत, लांब दांड्यांना लोंबणारे पंखे, वेटरच्या डोक्यावरचा तुरेवाला फेटा. दुसऱ्यांदा माणसं दिसायला लागतात. रोजचं कोण आहे, कोण कुणाची वाट बघतंय, कुठल्या टेबलावर आवाज चढतो. तिसऱ्यांदा आपण त्यांना दिसायला लागतो. वेटर ओळखीचं हसतो, शेजारचे गृहस्थ 'कुठून आलात?' विचारतात. शहराशी ओळख व्हायला सुरुवात होते ती तिथे.

कुठला कॅफे निवडायचा, याचा मी फार विचार केला नाही. बाबा इतिहासाचे शिक्षक म्हटल्यावर कॉलेज स्ट्रीटचंच कॉफी हाऊस. पत्ता बंकिम चॅटर्जी स्ट्रीट, प्रेसिडेन्सी कॉलेजच्या समोरची गल्ली. पूर्वी हा अल्बर्ट हॉल होता, १८७६ सालचा. १८८३ च्या डिसेंबरात सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या इंडियन असोसिएशनने इथे राष्ट्रीय परिषद भरवली होती. मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, ते त्यानंतर दोन वर्षांनी. मुंबईचं अधिवेशन बाबांनी वर्षानुवर्षं शिकवलं असेल. त्याच्या आधीची पायरी जिथे घातली गेली, तिथे आज पोरं कोल्ड कॉफी पितात आणि परीक्षेच्या निकालावर भांडतात. ही माहिती तू त्यांना घरीच देऊन टाक. वहीत कॉफी हाऊसचं नाव ते स्वतः लिहितील.

त्याच गल्लीत संस्कृत कॉलेज आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर १८५१ पासून तिथले प्राचार्य होते, आणि १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यामागे त्यांचीच खटपट होती. समोरची प्रेसिडेन्सी म्हणजे १८१७ सालचं हिंदू कॉलेज. १९१६ मध्ये ओटन या इंग्रज प्राध्यापकाला विद्यार्थ्यांनी मारहाण केली, त्या प्रकरणात सुभाषबाबूंना काढून टाकलं ते याच कॉलेजातून. थोडक्यात, इथे एका टेबलापाशी बसलं की बाबांच्या पाठ्यपुस्तकातले निम्मे धडे हाकेच्या अंतरावर असतात.

कोल्हापूरकरांना आणखी एक गोष्ट मनापासून पटेल. देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफीवरच्या उपकरातून ही कॉफी हाऊसेस निघाली. पहिलं निघालं १९३६ मध्ये, आपल्या मुंबईत, चर्चगेटला. अल्बर्ट हॉलमध्ये कॉफी आली ती १९४२ मध्ये. पुढे पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि कामगारांवर घरी बसायची पाळी आली. तेव्हा कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या, आणि १९५७ पासून एकेक कॉफी हाऊस स्वतः चालवायला घेतलं. पहिली संस्था बंगळुरूची, मग दिल्ली, केरळ, बंगाल. आपल्याकडे सहकार म्हटलं की ऊस आणि दूध डोळ्यांपुढे येतं, म्हणजे शेतकऱ्यांचा सहकार. फेटा बांधून कप आणून देणाऱ्यांचा आणि आत भटारखान्यात उभं राहणाऱ्यांचा सहकार बाबांनी बहुधा पाहिलेला नसेल. वेटर जरा निवांत असला की त्याला त्याच्या संस्थेविषयी विचारा. त्याला आनंद होईल आणि बाबांना विषय मिळेल.

तिथे कोण कोण बसायचं याच्या कहाण्या तुम्हाला भरपूर ऐकवल्या जातील. त्यातल्या काही दोन शाखांच्या सरमिसळीतून आलेल्या असतात, म्हणून सांगून ठेवते. सत्यजित राय आणि १९४७ मध्ये त्यांच्याबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी काढणारे मित्र यांचा अड्डा होता तो सेंट्रल अव्हेन्यूच्या, म्हणजे आताच्या चित्तरंजन अव्हेन्यूच्या कॉफी हाऊसमध्ये. कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाऊस हे खरं तर कवींचं आणि लघुनियतकालिकांचं. १९५३ मध्ये 'कृत्तिबास' हे कवितांचं नियतकालिक काढणारे सुनील गंगोपाध्याय आणि त्यांचे सोबती, शक्ती चट्टोपाध्याय, ही मंडळी इथली. १९६२ मध्ये अमेरिकन कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग कोलकात्यात राहिला, तेव्हा तोही त्यांच्यात येऊन बसायचा. आणि हे सगळं संपलेलं नाही. मी गेले होते तेव्हा शेजारच्या टेबलावर दोन वयस्क गृहस्थ एका छोट्या मासिकाची प्रुफं तपासत होते आणि एका स्वल्पविरामावरून त्यांचं चांगलंच जुंपलं होतं. एका कपावर तास-दीड तास हे चाललं होतं. कुणी त्यांना हटकलं नाही.

आता बसायचं कसं ते सांगते.

पहिली फेरी दुपारी चारच्या सुमाराला करा, तीही कामाच्या दिवशी. कॉलेजं सुटलेली असतात, गलका इतका असतो की समोरच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. आईला त्रास होईल, पण तो गलका हीच त्या जागेची ओळख आहे. दुसरी फेरी सकाळी, उघडल्यावर लगेच. त्या वेळी म्हातारे असतात, वर्तमानपत्रं असतात, आणि तेव्हाच वेटरला बोलायला वेळ असतो. तिसऱ्यांदा वरच्या सज्जात बसा आणि खालचा हॉल नुसता बघत राहा. रिकामं टेबल मिळायची वाट बघू नका. गर्दीत अनोळखी माणसांच्या टेबलावर 'बसू का?' विचारून बसायची तिथे पद्धत आहे, आणि ओळखी होतात त्या अशाच. कॉफी मागवताना 'इन्फ्युजन' मागव, म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी येईल. जुनी मंडळी तीच पितात आणि ती स्वस्त आहे. कॉफी यायला वेळ लागेल. लागू दे. वेटरला 'दादा' म्हण, चुटक्या कुणी वाजवू नका.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट नक्की घडेल, तिची तयारी करून जा. 'आम्ही महाराष्ट्रातले' असं म्हटल्यावर कुणीतरी हसून बारगीरांचा, म्हणजे मराठ्यांच्या घोडेस्वारांचा, विषय काढेल. तिथे त्यांना 'बर्गी' म्हणतात. १७४१ ते १७५१ अशी दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. बाबांना हे सगळं पाठ असेल. रघूजी भोसले, भास्करराम कोल्हटकर, बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने १७४४ मध्ये भेटीला बोलावून केलेला त्याचा घात, आणि शेवटी तहात मिळालेला ओरिसा. आपल्याकडे हा मराठ्यांच्या विस्ताराचा धडा आहे. बंगालमध्ये त्याच स्वाऱ्यांची आठवण बाळाला झोपवताना म्हणायच्या गाण्यात आहे. बाळ निजलं, पाडा शांत झाला, बर्गी आले, आता सारा कशाने भरायचा, असं ते गाणं. तिथल्या प्रत्येक आजीला ते येतं. कोलकात्याच्या रहिवाशांनी १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. 'मराठा डिच' म्हणत त्याला. पुढे तो बुजवला गेला आणि त्या कडेने रस्ता झाला. आज तुमची टॅक्सी त्या रस्त्यावरून जाईल.

हा विषय निघाला की बाबांना वाद घालावासा वाटेल. घालू देत, अड्ड्यावर वाद घालणाऱ्याचा मान असतो. फक्त आधी समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या, त्याला ते गाणं म्हणायला सांगा. चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्यभर नकाशावर बाण काढून स्वारी शिकवलेल्या माणसाला तीच स्वारी दुसऱ्या टोकाकडून ऐकायला मिळणं, हे मला त्या सहा दिवसांतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. असलं काही संग्रहालयातल्या पाटीवर वाचायला मिळत नाही. त्यासाठी माणूस समोर बसलेला लागतो आणि त्याला वेळ असावा लागतो. बोलणं कडवट व्हायला लागलंच, तर बाबांनी सखाराम गणेश देऊस्करांचं नाव काढावं. मराठी घरातला हा माणूस बंगालीत लिहायचा. 'देशेर कथा' हे त्यांचं १९०४ चं पुस्तक बंगालच्या स्वदेशी चळवळीत घरोघर वाचलं गेलं, पुढे इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवायला त्यांनी मेहनत घेतली, आणि रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली ती त्याच काळात. जुन्या पिढीतल्या वाचणाऱ्या बंगाली माणसाला हे नाव माहीत असतं, आणि ते मराठी माणसाच्या तोंडून ऐकून त्याला बरं वाटतं.

कॉफी हाऊस म्हणजे सगळं कोलकाता नव्हे, हेही मनात ठेव. तिथे येणारे लोक शिकलेले, पुस्तकांत वावरणारे. बाकीचं शहर फुटपाथवर चहा पितं. मातीच्या भांड्यातला चहा, बाजूला लाकडी बाक, बाकावर चार माणसं आणि एकच वर्तमानपत्र. काही ठिकाणी वर्तमानपत्राची पानं भिंतीवरच्या फळ्याला चिकटवलेली असतात आणि लोक उभ्याउभ्या वाचतात. तुम्ही जिथे उतराल त्याच्या जवळची अशी एक टपरी पहिल्याच सकाळी ठरवून टाका आणि रोज तिथेच जा. इथेही नियम तोच. रोज वेगळी टपरी कराल तर रोज गिऱ्हाईकच राहाल.

टपरीवर बोलायला फुटबॉल पुरतो. 'मोहन बागान की ईस्ट बंगाल?' एवढं विचारा आणि शांत बसा. मोहन बागान १८८९ चा संघ. १९११ मध्ये त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, आणि ती जीत कोलकात्याने स्वातंत्र्याच्या लढाईतली म्हणून लक्षात ठेवली. ईस्ट बंगाल १९२० चा. त्याच्यामागे मोठ्या संख्येने ती घरं आहेत ज्यांची मुळं पूर्व बंगालमध्ये होती आणि जी फाळणीनंतर सगळं सोडून आली. म्हणजे आवडत्या संघाचं नाव सांगतानाच माणूस पुष्कळदा आपल्या आजोबांचं गाव सांगून जातो. ईस्ट बंगालचा मासा हिल्सा, मोहन बागानची कोळंबी, आणि जिंकल्यावर त्या त्या घरात काय शिजतं तेही त्यावरून ठरतं. फाळणीविषयी आपण होऊन प्रश्न विचारू नका. फुटबॉलवरून सुरुवात झाली आणि सांगणाऱ्याला सांगावंसं वाटलं, तर तो आपसूक तिथे पोहोचतो. तेव्हा बाबांना म्हणावं, मध्ये तारखा सांगू नका.

बाकावर बसल्यावर एक गोष्ट तुझ्याही लक्षात येईल. तिथे बायका कमी असतात. कॉफी हाऊसमध्ये मुली भरपूर दिसतात, टपरीच्या बाकावर क्वचित. शहर बघायचं तर कोण आहे याच्याबरोबर कोण नाही हेही बघावं लागतं. उत्तर कोलकात्यात जुनी 'केबिन' नावाची खानावळवजा हॉटेलं आहेत. दिलखुशा केबिन, बसंत केबिन ही नावं तुझ्या वाचनात आली असतील. पडदा लावलेल्या छोट्या खोल्यांवरून हे नाव पडलं. चारचौघांत बसून खाणं बायकांना बरं दिसत नसे, त्या काळात कुटुंबं आणि जोडपी त्या पडद्याआड बसत. आमच्याकडच्या इराण्यांच्या 'फॅमिली रूम'चा हा बंगाली भाऊच. तिथले कटलेट आणि कबिराजी मांसाहारी, त्यामुळे आईला घेऊन जाऊ नकोस. तू आणि बाबा एखाद्या दुपारी जाऊन या.

आईविषयी मला जास्त लिहायचंय, कारण तुझ्या पत्रात ती अवघडलेली आहे आणि तिचं मन कुणी विचारलेलं नाही. 'लोक थांबलेत' हे ती भिडस्तपणाने म्हणत नसणार. आपल्याकडे जेवणाच्या वेळी हॉटेलात खुर्चीमागे माणसं उभी असतात, खाऊन झाल्यावर उठणं ही रीतच आहे, आणि ती चांगली रीत आहे. तिला आधीच सांग की या एका जागेची रीत वेगळी आहे, इथे बसून राहिल्याने कुणाचा खोळंबा होत नाही, जागा हवी असलेला सरळ आपल्याच टेबलावर येऊन बसतो. शिवाय रिकाम्या हातांनी बसायची सवय तिच्या पिढीतल्या बायकांना कुणी लावलीच नाही. तिला विणकाम घेऊ दे, शब्दकोडं घेऊ दे. हात कामात असले की डोळे मोकळे होतात. आणि बघण्यात ती तुम्हा दोघांच्या पुढे असेल. समोरच्या बाईच्या हातातले शंखाचे पांढरे आणि पोवळ्याचे लाल चुडे, तांताच्या साडीचे काठ, कोण कुणाला स्वतःच्या ताटातलं वाढतं, सून सासूशी कशी बोलते, हे तिला पहिल्या दहा मिनिटांत दिसेल. रात्री खोलीवर आल्यावर तिला विचार, आज काय काय पाहिलंस. वसंत पंचमी त्या आठवड्यात आली तर कॉलेज स्ट्रीट पिवळ्या साड्यांतल्या मुलींनी भरलेला असेल, कारण सरस्वतीपूजा हा तिथल्या विद्यार्थ्यांचा मोठा सण. तो दिवस आईला चुकवू देऊ नकोस.

तिच्या खाण्याची काळजी करू नकोस, फक्त कॉफी हाऊसमध्ये जेवणाचा बेत ठेवू नकोस. तिथे तिने कॉफी आणि टोस्ट घ्यावा. पोटभर खायला जवळच सूर्य सेन स्ट्रीटवर पुतिराम आहे, मिठाईचं जुनं दुकान, तिथे सकाळी कचोरी आणि हरभऱ्याच्या डाळीची आमटी मिळते. कॉलेज स्क्वेअरला लागून पॅरामाऊंट आहे, १९१८ पासूनचं सरबताचं दुकान, संगमरवरी टेबलांचं. शहाळ्याचं पाणी आणि मलई घातलेलं तिथलं डाब सरबत प्रसिद्ध आहे. त्याची कृती आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनी सुचवली असं दुकानवाले सांगतात. हे राय म्हणजे प्रेसिडेन्सीतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि बेंगॉल केमिकल्सचे संस्थापक. बाबांच्या वहीत आणखी एक नाव. जानेवारी हा खजुराच्या ताज्या गुळाचा मोसम, तेव्हा नोलेन गुडाचा संदेश रोज खा, ती मिठाई उन्हाळ्यात तशी मिळत नाही. कुठेही मागवताना 'निरामिष' असं सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही. चॉप-कटलेटच्या वरच्या आवरणात मात्र अंडं असू शकतं, ते वेगळं विचारून घे. उतरण्याची जागा अजून ठरली नसेल तर हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात चौकशी करून बघ. आईला दिवसातून एकदा मराठी कानावर पडलं की बाकीचं सगळं सोपं जाईल.

पार्क स्ट्रीटचं फ्लुरीज १९२७ पासूनचं आहे, सुंदर आहे, महाग आहे. बाबांच्या यादीत साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी असेलच, १७६७ ची. एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे विल्यम जोन्स आणि हिंदू कॉलेजातला तरुण शिक्षक डेरोझिओ तिथे विसावलेत. ती बघून झाल्यावर फ्लुरीजमध्ये एकेक पेस्ट्री खा आणि निघा. मॉलमधल्या साखळी कॅफेंना मी नावं ठेवणार नाही, तिथेही कोलकात्याचीच मुलं बसतात. पण तिथे बसून पुण्यात बसल्यासारखंच वाटेल, आणि तुमच्याकडे दिवस थोडे आहेत.

फोटोंचं वेड आहे का, असं तू विचारलंस. फोटो काढण्यात वाईट काही नाही. पहिल्या फेरीत काढून घे, हवे तितके, माणसांचे काढायचे तर विचारून. पुढच्या दोन फेऱ्यांत फोन पिशवीतून बाहेर काढू नकोस. समोरच्याला फोन दिसला की तो आपल्याला पाहुणा समजतो आणि पाहुण्याशी बोलतात तसंच बोलतो. आपापसात चाललेलं त्याचं बोलणं तुझ्या कानावर पडावं असं वाटत असेल, तर फोन आत असलेला बरा. आणि एका जागी बसून एवढ्याशा चौकोनातून शहर दिसतं का, अशी शंका अजूनही मनात असेल, तर आपल्या अरुण कोलटकरांकडे बघ. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये ते वर्षानुवर्षं येऊन बसायचे. तिथून दिसणारा तिठा आणि त्यावरची माणसं यांच्यावर त्यांनी आख्खा कवितासंग्रह लिहिला.

राहता राहिली बाबांची वही. ती फाडायला सांगू नकोस. त्यांनी मन लावून केलीये, आणि आयुष्यभर शिकवलेल्या गावांपैकी एक ते पहिल्यांदा बघणार आहेत. फक्त घड्याळाकडे त्यांचं लक्ष वेध. जानेवारीत कोलकात्यात सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतो. त्यांच्या बहुतेक जागा त्याच सुमाराला बंद होतात, आणि कॉफी हाऊस तेव्हा रंगात आलेलं असतं. म्हणजे सकाळ त्यांची आणि संध्याकाळ तुझी, यात कुणाचंच नुकसान नाही. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ एका दिवसात करा, मधला प्रवास नावेने. जोडासाँकोला ठाकूरबाडी, म्हणजे रवींद्रनाथांचं घर, बघितल्यावर तिथून चित्तरंजन अव्हेन्यूने खाली येऊन सत्यजित रायांच्या कॉफी हाऊसमध्ये एक चक्कर टाका, तेवढी एक सूट मी तुला देते. पुस्तक मेळा सुरू झाला असेल तर एक अख्खा दिवस त्याला द्या, आणि त्यासाठी सायन्स सिटीवर काट मारायला बाबांना मी सांगितलंय म्हणून सांग.

सोमवारी इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियलचं संग्रहालय आणि ठाकूरबाडी बंद असतात, तेव्हा तो सगळा दिवस कॉलेज स्ट्रीटला ठेवा. रविवारी तिकडे जाऊ नका, पुस्तकांची बहुतेक दुकानं बंद असतात. सोमवारी सकाळी आधी पुतिराम, मग कॉफी हाऊस, मग पुस्तकांचे ठेले, आणि चारला पुन्हा कॉफी हाऊस. हॉटेलातला नाश्ता त्या दिवशी घेऊ नका, कचोरी सकाळीच संपते.